धंदेशिक्षणाचा व्हिसा : त्याचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



बारावीचे निकाल लागले की आम्हां शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. कुणाच्या मुलाला परदेशी जाऊन विमान चालवावयास शिकावयाचे असते, कुणाच्या मुलीला पाककलेचा अभ्यासक्रम करावयाचा असतो. अमक्या शाळेचे प्रवेशपत्र आले आहे, आता व्हिसा तेवढा मिळावयाचा राहिला, असे ते सांगतात. या 'तेवढा' शब्दातच पुष्कळशी अडचण दडलेली आहे. कारण विद्यार्थ्याचा व्हिसा म्हणून सर्वत्र एकच वस्तू नसते. विद्यापीठाची पदवी घेण्यासाठी जाणारा आणि एखादा धंदा हातात बसावा म्हणून जाणारा, हे दोघेही आपल्या दृष्टीने विद्यार्थीच. परंतु अमेरिकेचा कायदा त्या दोघांत मोठे अंतर मानतो. हे अंतर निघण्यापूर्वी कळले नाही, तर डोक्यावर कर्ज आणि हाती अर्धवट शिक्षण, अशी अवस्था होण्यास वेळ लागत नाही. म्हणून या धंदेशिक्षणाच्या व्हिसाचे स्वरूप आज आपणांपुढे मांडावयाचे योजिले आहे.

प्रथम व्हिसा म्हणजे काय, ते स्पष्ट केले पाहिजे. पारपत्र आपले सरकार देते. आपण कोण आणि कोणत्या देशाचे नागरिक, एवढे ते सांगते. व्हिसा परके सरकार देते. आमच्या दारापर्यंत येण्यास या मनुष्यास हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत घ्यावयाचे की नाही आणि किती दिवसांसाठी, हे अमेरिकेच्या विमानतळावरील अधिकारी ठरवितो. त्याची नोंद 'आय-९४' नावाच्या वेगळ्या दाखल्यावर होते. पारपत्रावरील व्हिसाची मुदत आणि देशात राहण्याची मुदत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची तारीख पाहून दुसरीविषयी निश्चिंत राहणारा विद्यार्थी नकळत बेकायदा रहिवासी ठरू शकतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. अमेरिकेत विद्यार्थ्यांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. विद्यापीठीय व शालेय शिक्षणासाठी 'एफ-१' आणि धंदेशिक्षणासाठी 'एम-१'. पूर्वी धंदेशिक्षणाचे विद्यार्थीही 'एफ' वर्गातच मोडत. १९८१ साली स्थलांतराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'एम' हा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. वैमानिकाचे शिक्षण, पाककला, केशरचना व सौंदर्यप्रसाधन, यंत्रदुरुस्ती यांसारखे अभ्यासक्रम साधारणपणे या वर्गात येतात. तथापि अभ्यासक्रमाच्या नावावरून वर्ग ठरत नाही. ती शाळा कोणत्या वर्गासाठी सरकारमान्य आहे आणि ती 'आय-२०' हा दाखला कोणत्या वर्गाचा देते, यावर सारे अवलंबून असते. तेव्हा प्रवेश घेताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच.

या वर्गाचे नियम कडक आहेत. 'एम-१' विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाची मुदत अधिक तीस दिवस, किंवा एक वर्ष, यांपैकी जे कमी असेल तेवढ्याच काळासाठी प्रथम प्रवेश मिळतो. पुढे मुदतवाढ मागता येते. पण सर्व मिळून शिक्षणाची मर्यादा तीन वर्षांची. वर्गातील शिकवणी प्रमुख असेल तर आठवड्यास किमान अठरा तास आणि कर्मशाळेतील वा प्रयोगशाळेतील काम प्रमुख असेल तर किमान बावीस तास हजेरी लागते. घरबसल्या संगणकावर घेतलेला तास या हिशेबात धरला जात नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम नोकरीविषयीचा. 'एफ-१' विद्यार्थ्यास शाळा चालू असताना महाविद्यालयाच्या आवारात आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करता येते. 'एम-१' विद्यार्थ्यास शिक्षण चालू असताना कोणतेही अर्थार्जन करता येत नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर, रीतसर परवानगी घेऊन, त्याच धंद्यातील प्रत्यक्ष अनुभवापुरते काम करता येते. त्याचाही हिशेब ठरलेला आहे : चार महिन्यांच्या शिक्षणास एक महिना, आणि जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे बारा महिन्यांचा अभ्यासक्रम करणाऱ्यास तीन महिने काम मिळेल. दोन वर्षे शिकणाऱ्यास सहा महिने मिळतील. तीन वर्षे शिकला तरी सहाच. एफ-१ विद्यार्थ्यास अशा अनुभवासाठी सामान्यतः बारा महिने मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे दोहोंतील अंतर कळून येते.

म्हणूनच पैशाची अटही निराळी आहे. एफ-१ विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाचा खर्च हाती असल्याचे आणि पुढील वर्षांची सोय असल्याचे दाखविले म्हणजे चालते. एम-१ विद्यार्थ्याने मात्र संपूर्ण मुक्कामाचा खर्च, फी आणि राहणे-जेवण धरून, आधीच दाखवावा लागतो. "तिकडे गेल्यावर हॉटेलात भांडी घासून फेडीन" हा आपल्याकडील ठरलेला धीर येथे लागू पडत नाही. तसे काम करताना सापडला तर शिक्षणही जाते आणि पुन्हा त्या देशात पाऊल टाकणेही अवघड होते.

मन बदलण्यासही येथे फारशी जागा नाही. आरंभीच्या सहा महिन्यांनंतर शाळा बदलता येत नाही. आपल्या आवाक्याबाहेरचे कारण असेल, तरच अपवाद केला जातो. शिक्षणाचा उद्देश तर मुळीच बदलता येत नाही. तेथे राहूनच एम-१ चा एफ-१ करून घेता येत नाही. त्यासाठी मायदेशी परतून नवा व्हिसा मागावा लागतो. येथे शिकलेल्या विद्येच्याच बळावर तात्पुरत्या नोकरीच्या 'एच' वर्गात शिरावयाचे म्हटले, तर त्यालाही नियमाने बंदी आहे. पतिपत्नी व अल्पवयीन मुले 'एम-२' म्हणून बरोबर जाऊ शकतात, मुले शाळेतही जाऊ शकतात. परंतु नोकरी त्यांपैकी कोणासही करता येत नाही. थोडक्यात, या व्हिसाचा सारा रोख असा की, यावे, धंदा शिकावा आणि आपल्या देशी परतून तो चालवावा.

हा कडकपणा का, असे कोणी विचारील. मूळ कारण उघड आहे. अल्प मुदतीच्या धंदेशिक्षणाच्या मिषाने लोकांनी नोकरीच्या बाजारात शिरू नये, हा कायद्याचा हेतू. पुढे त्यात सुरक्षिततेच्या कारणाची भर पडली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मोहम्मद अत्ता व मारवान अल-शेही हे दोघे फ्लॉरिडातील व्हेनिस गावी विमान चालवावयास शिकले होते. ते पर्यटक म्हणून देशात शिरले आणि मग त्यांनी एम-१ वर्गासाठी अर्ज केला. तो अर्ज मंजूर झाल्याची कागदपत्रे त्या विमानशाळेत पोहोचली ती मार्च २००२ मध्ये, म्हणजे हल्ल्याला सहा महिने लोटल्यावर! या प्रकाराने अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. २००३ साली जुने स्थलांतर खाते मोडून त्याचे काम नव्या खात्यांकडे देण्यात आले, आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांची 'सेव्हिस' ही संगणकीय नोंदवही सक्तीची झाली. विद्यार्थी दाखल झाला की नाही, हजर राहतो की नाही, पत्ता बदलला काय, हे सारे शाळेस तिच्यात नोंदवावे लागते. विमान चालविण्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या परदेशीयास तर शिक्षण सुरू करण्यापूर्वी वाहतूक-सुरक्षा विभागाची वेगळी तपासणी पार करावी लागते. काही थोड्यांच्या दुष्कृत्याचा भार असा हजारो प्रामाणिक विद्यार्थ्यांवर पडला. तो योग्य की अयोग्य हा वाद बाजूस ठेवू. आज जाणाऱ्याने तो गृहीत धरूनच चालले पाहिजे.

अर्जाची रीत अशी. मान्यताप्राप्त शाळेकडून आय-२० मिळाल्यावर सेव्हिसचे शुल्क भरावयाचे. ते २०१९ पासून ३५० डॉलर आहे. मग व्हिसाचा अर्ज व त्याचे शुल्क. ते २०२३ साली १८५ डॉलर ठरले, आणि २०२५ च्या एका कायद्याने त्याशिवाय किमान २५० डॉलरांच्या आणखी एका शुल्काची तरतूद केली. हे आकडे बदलत असतात. म्हणून भरण्याच्या दिवशी वकिलातीच्या अधिकृत पत्रकावरून ते ताडून पाहावेत. व्हिसा नाकारला तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. यानंतर दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबाद येथे मुलाखत होते. तेथे अधिकारी कायद्यानेच असे धरून चालतो की, हा अर्जदार कायमचा राहावयास निघाला आहे. तसे नाही, हे पटविण्याची जबाबदारी अर्जदाराची. हा धंदा मी का शिकतो, परत येऊन कोठे व कसा चालविणार, हे ज्याला सरळ शब्दांत सांगता येत नाही, त्याची पाठ केलेली उत्तरे फार काळ टिकत नाहीत.

वैमानिकाचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत परवाना मिळाला म्हणजे भारतात लगेच विमान चालविता येते, असे नाही. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अटी व परीक्षा पूर्ण करून येथील परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी बारावीला पदार्थविज्ञान व गणित हे विषय लागतात आणि वैद्यकीय तपासणीही असते. ती वैद्यकीय तपासणी जाण्यापूर्वीच करून घेणे शहाणपणाचे. लाखो रुपये खर्चून परतल्यावर दृष्टिदोष आड यावा, यापरते दुर्दैव कोणते?

परंतु सर्वच देशांची दृष्टी अमेरिकेसारखी नाही. जर्मनीत धंदेशिक्षण म्हणजे 'आउसबिल्डुंग'. उमेदवार आठवड्यातील काही दिवस धंदेशाळेत शिकतो, उरलेले दिवस एखाद्या कारखान्यात, दुकानात वा रुग्णालयात काम करतो, आणि त्याबद्दल त्यास वेतन मिळते. अशा उमेदवारांसाठी २०२० साली तेथे किमान वेतनाचा कायदा लागू झाला. पहिल्या वर्षासाठी दरमहा ५१५ युरो ही तेव्हाची किमान रक्कम २०२५ मध्ये ६८२ युरो झाली. येथे शाळेच्या प्रवेशपत्रापेक्षा मालकाशी झालेला करार अधिक मोलाचा. त्याशिवाय जर्मन भाषेचे सामान्यतः 'बी-१' पातळीपर्यंतचे ज्ञान लागते. खरी कसोटी तीच होय. शिक्षण पुरे झाल्यावर त्या धंद्यात नोकरी धरून राहण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे, कारण जर्मनीस कुशल हातांची वाण आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तोही याच गरजेतून. गोव्यातील ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्या मुलांना मात्र हा व्हिसा लागतच नाही; युरोपीय संघाच्या नागरिकास तेथे राहण्याचा व शिकण्याचा हक्क आहे. भाषा तेवढी त्यांनाही शिकावी लागेल.

ऑस्ट्रेलियाचा इतिहास आणखी एक धडा शिकवितो. शतकाच्या पहिल्या दशकात तेथे स्वयंपाकी व केशकर्तनकार हे धंदे मागणी असलेल्या धंद्यांच्या यादीत होते, आणि त्या यादीमुळे कायम रहिवासाचा मार्ग सुलभ होई. त्या ओढीने हजारो भारतीय मुले खाजगी पाकशाळांत दाखल झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ती यादीच रद्द केली. त्याच सुमारास अनेक खाजगी शाळा बंद पडल्या. पुष्कळांना स्वयंपाकाची गोडी नव्हतीच. रहिवास मिळत नाही म्हटल्यावर हाती उरलेल्या प्रमाणपत्राचे काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. आज तेथे धंदेशिक्षण व विद्यापीठीय शिक्षण यांसाठी एकच व्हिसा आहे. शाळा चालू असताना पंधरवड्यास ४८ तास काम करण्याची मुभा आहे. परंतु २०२४ पासून अर्जदार खरोखरीच विद्यार्थी आहे काय, याची छाननी कसोशीने होते, आणि अर्जाचे शुल्क जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आहे. तात्पर्य, व्हिसा हे भविष्याचे वचन नव्हे. नियम मध्येच बदलू शकतात. शिकलेली विद्या तेवढी आपली राहते.

तेव्हा मुलास पाठविण्यापूर्वी पालकांनी कागद-पेन्सिल घेऊन काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. व्हिसा कोणत्या वर्गाचा? शिकत असताना काम करता येते काय, आणि येत नसेल तर सर्व खर्च कोठून येणार? कर्जाचा पहिला हप्ता कधी सुरू होतो, आणि तेव्हा मुलगा मिळवता झालेला असेल काय? शाळा बंद पडली वा मानवली नाही, तर बाहेर पडण्याची वाट कोणती? परत आल्यावर ते प्रमाणपत्र येथे कोण मानतो? ही उत्तरे दलालाच्या तोंडून न घेता शाळेच्या लेखी पत्रातून आणि वकिलातीच्या पत्रकातून घ्यावीत. "सगळे होऊन जाईल" असे जो तोंडी सांगतो आणि लिहून देण्यास कचरतो, त्याच्यापासून दूर राहावे. खोटा बँकेचा दाखला जोडून मिळविलेला व्हिसा तर मुलाला जन्मभर नडू शकतो.

हे सारे मी कोणाचा उत्साह मोडण्यासाठी सांगितलेले नाही. हाताने करावयाच्या धंद्याला आपल्याकडे दुय्यम लेखण्याची खोड आहे. ती सोडून एखादा मुलगा सुतारकाम वा यंत्रकाम शिकण्यासाठी साता समुद्रांपलीकडे जावयास सिद्ध होतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र धंद्याला साजेशी काळजीही त्याने घ्यावी. लाकडाला करवत लावण्यापूर्वी चांगला सुतार दोन वेळा माप घेतो. घर गहाण टाकण्यापूर्वी आपणही तितके माप घेतले, तर पुष्कळ घरांतील पश्चात्ताप टळेल.