प्रोसेसरवरील विद्युद्दाबाच्या घटीचे मापन

वर्सोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या उघड्या अग्रांवर लवकरच पुटे चढतात. त्यामुळे ठरीव वेगाहून अधिक वेगाने चालविलेल्या प्रोसेसरचा विद्युद्दाब निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा भरला, की तेथील अभ्यासक प्रथम मल्टीमीटरच्या अग्रांवरच संशय घेतो. हा संशय बहुधा अनाठायी असतो. मल्टीमीटरचा अंतर्गत रोध सामान्यतः १ कोटी ओहम असतो. अग्राशी ५ ओहमची भर पडली, तरी १.३० व्होल्टच्या मापनात एका मायक्रोव्होल्टचाही फरक होत नाही.

खरी चूक असते ती जागेची. पूर्ण भारावर प्रोसेसर १०० अँपिअर प्रवाह ओढीत असेल, तर मार्गातील अवघा अर्धा मिलिओहम रोध ५० मिलिव्होल्ट गिळतो. नियामकाच्या कॉइलपाशी १.३० व्होल्ट दिसत असताना प्रोसेसरला १.२५ च मिळत असतात. म्हणून दोन्ही अग्रे सॉकेटच्या पाठीमागील कपॅसिटरवर टेकवावीत. ऋण अग्र दूर कोठेतरी लावण्याची सवय सोयीची खरी. पण तीमुळे परतीच्या मार्गातील घट वजा होत नाही व आकडा फुगतो. प्रवाहाचा मार्ग आणि मापनाचा मार्ग वेगळे ठेवावयाचे, हे केल्व्हिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते.

योग्य जागी दिसणारी घटही सर्वस्वी दोष नव्हे. भार एकाएकी उतरताच दाब मर्यादेबाहेर उसळू नये, म्हणून नियामक भाराबरोबर तो हेतुतः उतरवितो. ती भरून काढण्यासाठी १.२५ चे १.३० केल्यास, वेग तोच राहूनही उष्णता सुमारे ८ टक्के वाढते. भार बदलतेवेळी मायक्रोसेकंदापुरता होणारा खोल उतार मात्र सरासरी दाखविणाऱ्या मल्टीमीटरला दिसतच नाही; त्यासाठी ऑसिलोस्कोप हवा.