शीतयुद्धातील विद्येची देवाणघेवाण

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर व पांढुर्णा हा मराठीभाषक मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेले, तरी इथल्या मुलांची उच्च शिक्षणासाठी नागपूरला जाण्याची वाट काही मोडली नाही. तेथे सीमेच्या दोन्ही अंगांना देश एकच होता. परंतु एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या राष्ट्रांनीही त्याच दशकात परस्परांच्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठांत घेतले, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे.

शीतयुद्ध, म्हणजे समोरासमोर न लढता अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी चालवलेला वर्चस्वाचा झगडा, ऐन भरात असताना २७ जानेवारी १९५८ रोजी उभयतांनी लेसी-झारुबिन करार केला आणि विद्यार्थी, शास्त्रज्ञ व कलावंत यांच्या देवाणघेवाणीस मान्यता दिली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या सोव्हिएत तुकडीत केजीबी या गुप्तचर संस्थेचे ओलेग कालुगिन होते, तसेच पुढे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या खुलेपणाच्या धोरणाचे शिल्पकार ठरलेले अलेक्झांडर याकोव्हलेव्हही होते. हेरगिरीची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीपोटी करारच टाळला असता, तर याकोव्हलेव्हही अमेरिकेत शिकले नसते.

या चढाओढीचा भारताने करून घेतलेला उपयोग मात्र विशेष कौतुकास्पद आहे. १९५८ मध्ये वरळीतील तात्पुरत्या जागेत वर्ग सुरू झालेल्या मुंबईच्या आयआयटीला सोव्हिएत साहाय्य मिळाले, तेही आरंभी युनेस्को या संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक संघटनेमार्फत, त्यामुळे एका गटाच्या दावणीला बांधले जाण्याचा आक्षेप सौम्य झाला. १९५६ ते १९७३ या काळात ५९ सोव्हिएत तज्ज्ञ व १४ तंत्रज्ञ येथे आले आणि भारतीय अध्यापकांना तिकडे प्रशिक्षणासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. कानपूरच्या आयआयटीला याच सुमारास, १९६२ पासून दहा वर्षे, नऊ अमेरिकन विद्यापीठांनी हात दिला. तेथे आयबीएम १६२० हा अमेरिकन संगणक आला, तर मुंबई आयआयटीच्या पवईतील आवारात सोव्हिएत मिन्स्क बसला, आणि वैरी राष्ट्रांची ही दोन यंत्रे एकाच देशातील मुले शिकू लागली. या साऱ्यात अध्यापकांच्या शिष्यवृत्त्यांचे मोल सर्वांत मोठे मानले पाहिजे, कारण मिन्स्क कालांतराने निकालात निघाला, पण परदेशी तज्ज्ञ परतल्यावरही पवईतील शिकवणे भारतीय अध्यापकांच्या बळावर चालू राहिले.