हरिकेन विमानाची मोठी प्रतिकृति

लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृति म्हणजे मुलांचें खेळणें, असा पुष्कळांचा समज असतो. माझाहि तसाच होता. परंतु निवृत्तीनंतर अशी एक प्रतिकृति करावयास घेतली, तेव्हां छत्तीस वर्षें विद्यार्थ्यांना दिलेले धडे मला स्वतःलाच पुन्हां गिरवावे लागले. त्या अनुभवाच्या आधारें हें काम कसें करावें, तें आज सांगावयाचें आहे.

मीं निवडलें तें दुसऱ्या महायुद्धांतील हरिकेन विमान. सिडनी कॅम यांच्या आराखड्याप्रमाणें बनलेलें हें विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें आणि पुढें अशीं सुमारें १४,५०० विमानें तयार झालीं. १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई युद्धांत स्पिटफायरचें नांव अधिक गाजलें, तरी संख्येनें अधिक होतीं तीं हरिकेनचीं पथकें.

प्रथम प्रमाणाचा विचार करूं. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट, म्हणजे ४८० इंच. चोविसांश प्रमाणांत तो बरोबर २० इंच होतो. नेहमींच्या बहात्तरांश प्रतिकृतींत तोच पावणेसात इंचांहून कमी भरतो, व कर्त्याचे दोष त्या लहानपणांत लपून जातात. मोठ्या प्रतिकृतींत तशी सवड नाहीं. प्लॅस्टिकची जाडी एक मिलिमीटर असली, तर मूळ मापांत ती चोवीस मिलिमीटर झाली! खऱ्या विमानाचा पत्रा त्याहून कितीतरी पातळ असतो. यास्तव पंखांची मागील धार, इंजिनावरील झांकणांच्या कडा, असे जे भाग उघडे दिसतात, ते आंतल्या बाजूनें खरडून पातळ करावे लागतात.

सुटे भाग चौकटींना जोडलेले येतात. ते ओढून तोडूं नयेत. कात्रीनें कापून कानशीनें साफ करावे. डिंक लावण्यापूर्वीं प्रत्येक भाग नुसता बसवून पाहावा. येथील डिंक चिकटवीत नाहीं, तर प्लॅस्टिकला किंचित् वितळवून सांधतो. म्हणून चूक झाल्यास ती सहजासहजीं मागें घेतां येत नाहीं.

काम आंतून बाहेर करीत जावें. आधीं वैमानिकाची बैठक, त्याचे पट्टे, समोरील घड्याळें आणि बारा सिलिंडरांचें मर्लिन इंजिन. पट्टे पातळ कागदाचे करावे, इंजिनावरील नळ्यांसाठीं तांब्याची बारीक तार वापरावी. हें करीत असतां इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्यें बसणारी एक टाकी हातीं येते. ती राखीव पेट्रोलची, २८ गॅलनांची. तिला गोळी लागली, म्हणजे ज्वाळा सरळ वैमानिकाच्या अंगावर येत. १६ ऑगस्ट १९४० रोजीं साउदॅम्प्टनजवळ जेम्स निकोलसन यांचें हरिकेन असेंच पेटलें. तशा आगींतहि त्यांनीं शत्रूच्या विमानावर गोळीबार केला आणि मगच उडी घेतली. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें २ मे १९४५ रोजीं बंगालच्या उपसागरावर दुसऱ्या एका विमानाच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. ही हकीकत ठाऊक झाल्यावर त्या लहानशा टाकीला रंग देतांना हात आपोआप सावकाश चालतो.

आतां या विमानाचें मुख्य वैशिष्ट्य. याचा पुढील भाग पत्र्याचा. परंतु बैठकीच्या मागचा देह म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कमानी व पट्ट्या, आणि त्यांवर ताणून बसविलेलें तागाचें कापड. सुकाणूहि कापडाचेंच. तोफेचा गोळा पुष्कळदां या कापडांतून न फुटतां आरपार जाई, आणि भोंकावर ठिगळ लावलें, कीं विमान पुन्हां कामास तयार. लाखेसारख्या लेपानें हें कापड ताठ ताणलेलें असे. प्रतिकृतींत पट्ट्यांचे उंचवटे फाजील दाखविलेले असतील, तर ते कांचकागदानें हलक्या हातानें कमी करावे.

एवढें सारें वाचलें असूनहि मीं चुकलोंच. रंग झाल्यावर विमान युद्धांत वापरलेलें दिसावें, म्हणून मीं त्याच्या सर्वांगावर रुपेरी ओरखडे काढले. शेंपटीकडे तर विशेष हौसेनें! हवाई दलांतून निवृत्त झालेले एक शेजारी पाहावयास आले. बराच वेळ निरखून ते म्हणाले, “गुरुजी, काम सुरेख आहे, पण कापडांतून पत्रा कसा निघाला?”

मी निरुत्तर झालों. गणिताच्या प्रत्येक पायरीपुढें ‘कारण लिहा’ म्हणून बजावणारा मी येथें कारणाशिवाय लिहून बसलों होतों. झीज जेथें खरोखर होते तेथेंच दाखवावी. वैमानिक डाव्या बाजूनें चढे, तेव्हां त्या बाजूस पंखाच्या मुळाशीं पत्रा घासलेला असावा; इंजिनाच्या धुराड्यांमागें काजळी असावी. कापडावर मात्र ओरखड्यांतून पत्रा दिसत नाहीं. तें फाटतें आणि त्यावर ठिगळ बसतें.

चिन्हांचेंहि तसेंच. माझी प्रतिकृति इंफाळच्या आघाडीवरील विमानाची होती. तेथें १९४४ सालीं भारतीय हवाई दलाचें पहिलें पथक अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हरिकेनमधूनच लढलें. जपानी विमानांवरील तांबड्या सूर्यबिंबाशीं घोटाळा होऊं नये, म्हणून या आघाडीवर चक्राकार चिन्हांतील तांबडा रंग काढून टाकला होता. पेटींत आलेलीं चिन्हें मधोमध तांबडीं होतीं. तीं मीं बाजूस ठेवलीं आणि निळीं मिळवून पाण्यांत भिजवून बसविलीं.

दिल्लीस पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत हरिकेन आहे. तें पाहिलेला मनुष्य उद्यां आपल्या घरीं आला, तर त्याच्यापुढें प्रतिकृति निःशंकपणें ठेवतां यावी, एवढीच परीक्षा आपण स्वतःस लावावी. माझ्या विमानाच्या शेंपटीवरील चांदी आतां गेली आहे. तिच्या जागीं एक लहानसें चौकोनी ठिगळ आहे. शेजाऱ्यांनीं तें पाहिलें, आणि या खेपेस कांहीं विचारलें नाहीं.