स्मृतिभ्रंशातलं नैराश्य : गोळीआधी काय? (लेखांक ६)

स्मरणशक्ती शाबूत असलेल्या वृद्धांच्या नैराश्यावर औषधं उपयोगी पडतात, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. गुण यायला वेळ लागतो, मात्रा जपून वाढवावी लागते, पण उपयोग होतो. मग स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नैराश्य आलं तर तीच औषधं द्यावीत, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं तसंच वाटत आलं आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण वेगळं सांगणारा भक्कम पुरावा हाती नव्हता. आता तो आहे. तो वाचून माझं मत असं झालं आहे, की स्मृतिभ्रंशातल्या नैराश्यात बहुतेक वेळा उपचाराची सुरुवात गोळीने होऊ नये. मात्र गोळी लागू पडत नाही म्हणजे आता काहीच करण्यासारखं उरलं नाही, असा अर्थ कुणी काढत असेल, तर त्याइतकाच ठाम विरोध मी त्यालाही करेन.

आधी पुरावा पाहू. अल्झायमर आणि नैराश्य एकत्र असलेल्या ४४ रुग्णांवरची एक अमेरिकन चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्ट्रालीन हे औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरलं आणि आशा वाढली. त्याच धर्तीवर १३१ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले आणि तो फरक नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये सुबे बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची इंग्लंडमधली चाचणी छापून आली. नऊ केंद्रांमधल्या ३२६ रुग्णांचे तीन गट केले होते : एकाला सर्ट्रालीन, दुसऱ्याला मिर्टाझापीन, तिसऱ्याला नकली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. तेरा आठवड्यांनी मोजमाप केलं तेव्हा तिन्ही गटांतलं नैराश्य कमी झालं होतं, पण दोन्ही औषधं नकली गोळीच्या पुढे गेली नव्हती. त्रास मात्र औषधांचाच जास्त झाला. नकली गोळीच्या गटात २६ टक्के लोकांना दुष्परिणाम जाणवले, तर सर्ट्रालीनच्या गटात ४३ आणि मिर्टाझापीनच्या गटात ४१ टक्के लोकांना.

ज्याला स्वतःची अवस्था धड सांगता येत नाही, त्याचं नैराश्य मोजलं तरी कसं, अशी शंका इथे येईल आणि ती रास्त आहे. या चाचण्यांत कॉर्नेल मोजपट्टी वापरतात. जॉर्ज अलेक्सोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८८ साली खास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तयार केली. तिच्यात एकोणीस बाबी आहेत आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. रुग्णाशी बोलण्याआधी त्याची काळजी घेणाऱ्याला विचारतात : पहाटे नेहमीपेक्षा लवकर जाग येते का? आवडती माणसं आली तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही का? जेवण कमी झालंय का, वजन उतरलंय का? सकाळी जास्त उदास वाटतं का? मग रुग्णाची भेट घेऊन दोन्हींचा मेळ घालतात. मोजपट्टी परिपूर्ण नाही. पण जी बायको किंवा सून रात्री तीन वाजता उठून दिवा लावते, तिच्या निरीक्षणाला इथे पुराव्याचं मोल आहे, आणि मला ते योग्यच वाटतं.

औषधं का चालत नसावीत? एक तर्क असा आहे : नैराश्यावरची औषधं मेंदूतल्या सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलीन अशा रसायनांमार्फत काम करतात, अल्झायमरमध्ये ही रसायनं तयार करणाऱ्या पेशींचीच झीज होते, त्यामुळे औषधाला ज्यावर काम करायचं तेच अपुरं पडतं. शिवाय स्मृतिभ्रंशात औदासीन्य येतं, आणि ते वरवर नैराश्यासारखंच दिसतं. माणूस गप्प बसून असतो, पण दुःखी असतोच असं नाही. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल-२’ अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दहा हजारांवर लोकांचा अठ्ठावीस वर्षं मागोवा घेतल्यावर दिसलं, की पुढे ज्यांना स्मृतिभ्रंश झाला त्यांच्यात नैराश्याची लक्षणं निदानाच्या सुमारे अकरा वर्षं आधीपासून वाढू लागली होती. त्याच्याही मागे, मध्यम वयात, असा फरक नव्हता. म्हणजे उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य हे काही वेळा स्मृतिभ्रंशाचं कारण नसून त्याची पहिली खूण असू शकतं. ज्याचं मूळच वेगळं, त्याने नेहमीच्या औषधाला दाद दिली नाही तर नवल काय?

यावरचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आत्महत्येचा धोका तीव्र असलेले रुग्ण इंग्लंडच्या चाचणीत घेतलेच नव्हते. जो जेवण टाकतो, जीव देण्याची भाषा करतो, किंवा ज्याला तरुणपणापासून नैराश्याचे झटके येऊन गेले आहेत, त्याच्याबाबतीत या आकड्यांवर विसंबून औषध नाकारणं धोक्याचं आहे. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं, तेही उशीर न करता.

दुसरा आक्षेप असा, की नकली गोळीने बरं वाटलं यात विशेष काय, ते दुखणं आपोआपच ओसरलं असेल. काही अंशी तसं झालंही असेल. ज्यांच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही असा चौथा गट त्या चाचणीत नव्हता, त्यामुळे किती सुधारणा आपोआपची आणि किती लक्ष दिल्याची, ही वाटणी नेमकी सांगता येत नाही. पण तिन्ही गटांतल्या रुग्णांना वृद्धांच्या मानसिक आरोग्यसेवेची नेहमीची देखभाल मिळत होती, हे विसरून चालणार नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२१ साली २५६ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. बोधनाला चालना देणारे गट-उपक्रम, मालिश आणि स्पर्श, व्यायाम, लोकांत मिसळणं आणि बोधनाची चालना यांची सांगड, अशा उपायांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची नैराश्याची लक्षणं नेहमीच्या देखभालीपेक्षा कमी झाली. नुसत्या औषधांना ते जमलं नाही. यातले बरेच अभ्यास लहान आहेत आणि त्यांचा दर्जाही सारखा नाही. तरीही रोख एकाच दिशेचा आहे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, म्हणजे त्या वयोगटातले ७.४ टक्के. एवढ्यांना वेळ देणारी माणसं आणायची कुठून? याचं निम्मं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधलं गेलंय. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक प्रयोग केला. नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेले साठीपुढचे १८१ जण निवडले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यातल्या निम्म्यांना एकेक करून भेटी दिल्या. डोक्यात घोळणाऱ्या अडचणींपैकी एक निवडून तिच्यावर काय करता येईल ते ठरवणं, झोपेची घडी बसवणं, मधुमेहासारख्या दुखण्याची काळजी, सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत, एवढंच त्या भेटींत होतं. वर्षभरात या गटातल्या ९१ पैकी चौघांना नैराश्याने गाठलं, दुसऱ्या गटातल्या ९० पैकी तेरा जणांना. हे लोक स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हते, म्हणून उत्तर निम्मंच. उरलेल्याचा काही भाग २००८ सालच्या गोव्यातल्याच ८१ कुटुंबांच्या चाचणीत सापडतो. घरी येऊन आजार समजावून सांगणाऱ्या, आंघोळ-जेवणाच्या वेळच्या हट्टाशी कसं वागावं हे शिकवणाऱ्या सल्लागारांमुळे काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. रुग्णाच्या वागण्यात मात्र ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. ज्या घरात काळजी घेणारीच खचलेली असते, तिथे रुग्णाजवळ शांतपणे बसायला कोण उरणार? म्हणून मला ही सुधारणा दुय्यम वाटत नाही.

हे वाचून कुणी घरातल्या वृद्धाची चालू गोळी परस्पर बंद करू नये. नॉर्वेच्या शुश्रूषागृहांतल्या १२८ स्मृतिभ्रंश-रुग्णांवरची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. नैराश्याचा आजार नसताना इतर लक्षणांसाठी त्यांना ही औषधं दिली जात होती. ज्यांची औषधं आठवड्याभरात थांबवली, त्यांची नैराश्याची लक्षणं औषध चालू ठेवलेल्यांच्या तुलनेत वाढली. गोळी सुरू करण्याचा प्रश्न वेगळा आणि थांबवण्याचा वेगळा. थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने, आणि दर टप्प्याला कॉर्नेलसारखी मोजपट्टी लावून. ती मोजपट्टी घरच्यांनी नोंदी ठेवून कशी सोपी करायची, हे पुढच्या लेखांकात.