शत्रूच्या हातातील आपली माणसे

जिथे माणसे मारणे हेच कर्तव्य ठरते, तिथे कायद्याला विचारतो कोण, असा प्रश्न युद्धाचे नियम म्हटले की सहज मनात येतो. शिवाय हे नियम मोडणाऱ्या बलाढ्य देशाला पकडून नेईल असा पोलीस जगात नाही. तरीही राष्ट्रे ते बऱ्याच प्रमाणात पाळतात. यामागील कारण दुसऱ्या महायुद्धातील कैद्यांच्या हकिकतीवरून स्पष्ट होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये दोस्त सैन्याने, प्रामुख्याने कॅनेडियन तुकड्यांनी, फ्रान्समधील दिएप बंदरावर छापा घातला. तो फसला आणि पकडलेल्या जर्मन सैनिकांचे हात बांधण्याचा लेखी आदेश जर्मनांच्या हाती लागला. ऑक्टोबरमध्ये जर्मनीने आपल्या ताब्यातील ब्रिटिश व कॅनेडियन कैद्यांना जखडले. लगोलग ब्रिटन आणि कॅनडानेही जर्मन कैद्यांचे हात बांधले. वास्तविक, कैद्यांवर असा सूड उगवण्यास १९२९ च्या जीनिव्हा कराराने मनाई केली होती आणि तो या तिन्ही देशांना मान्य होता. मात्र या चढाओढीत आपल्याच मुलांचे हाल वाढणार, हे लवकरच ध्यानात आले. स्वित्झर्लंडने मध्यस्थी केली. ब्रिटन व कॅनडाने डिसेंबरमध्ये बंधने काढली, तर जर्मनीने १९४३ च्या अखेरीस.

याच काळात पूर्व आघाडीवर वेगळेच घडत होते. सोव्हिएत संघाने १९२९ च्या करारावर सही केलेली नव्हती. जुलै १९४१ मध्ये त्याने परस्परांनी हेगचे जुने युद्धनियम पाळण्याची तयारी कळवली; परंतु वंशद्वेषाने पछाडलेल्या आणि झटपट विजयाची खात्री असलेल्या हिटलरच्या राजवटीने ती धुडकावली. जर्मनांनी पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३० लाखांहून अधिक उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळीबाराला बळी पडले. सोव्हिएत छावण्यांतही काही लाख जर्मन कैदी मेले. याउलट, जर्मनीच्या ताब्यातील ब्रिटिश व अमेरिकी कैद्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी राहिले.

सैन्य तेच, युद्ध तेच, फरक कशाचा? वंशद्वेषाचा तर होताच, पण परतफेडीच्या धाकाचाही होता. आपली माणसे शत्रूच्या हाती असतात, तेव्हा नियम पाळणे हा दुबळेपणा न राहता व्यवहार ठरतो. कैद्याला चांगले वागवले तर शत्रुसैनिक लवकर शरण येतात आणि बेशिस्त झालेली फौज शेवटी आपल्याच सेनापतीला डोईजड होते, हेही अनुभवाचे बोल आहेत.

परंतु परतफेडीच्या या हिशेबात एक मोठी उणीव आहे. ज्याच्या बाजूने परतफेड करणारा कोणी नाही, त्याला तो वाचवीत नाही. वेढलेल्या शहरातील सामान्य नागरिकापाशी देण्याघेण्यासारखे काहीच नसते. म्हणूनच १९४९ च्या जीनिव्हा करारांत नागरिकांसाठी स्वतंत्र करार झाला आणि नियम ‘सर्व परिस्थितींत’ पाळण्याचे बंधन आले. शत्रूने मोडले म्हणून आपणही मोडू, ही सबब तिथे चालत नाही. स्वार्थ जिथे थांबतो, तिथून पुढेच या कायद्याची खरी कसोटी लागते.