पाऊस पडला म्हणून डवरणी टळत नाही

दहावीतली पोरगी शाळा टाळते, ताटावरून उठते, विचारलं की खेकसते. मग घरात सल्ले सुरू होतात. बुलढाणा जिल्ह्यात हमखास कानावर पडणारे हे पाच सल्ले तपासून पाहू.

गैरसमज : ‘बाहेरचं आहे, सैलानीला नेलं की उतरेल.’
वस्तुस्थिती : सैलानीच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन लांबलांबची कुटुंबं येतात. श्रद्धेने धीर मिळतो, पण नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचारच लागतो. दर्शनाला जरूर जा, डॉक्टरांची तारीख मात्र चुकवू नका. आणि रुग्णाला साखळीने बांधायला २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे.

गैरसमज : ‘आळस आहे नुसता, मोबाइल काढून घ्या.’
वस्तुस्थिती : नैराश्यातली मुलं उदास दिसतीलच असं नाही, पुष्कळदा ती चिडकी होतात. झोप बिघडणं, डोकं-पोट दुखणं, आवडता खेळ सुटणं हे दोन आठवडे टिकलं तर तपासणी हवी.

गैरसमज : ‘गोळ्यांची सवय लागते. बरं वाटलं की बंद करा.’
वस्तुस्थिती : नैराश्यावरच्या या गोळ्यांनी नशा चढत नाही. गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात. मनानेच एकदम बंद केल्या तर त्रास होतो. सुरुवातीला काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावं आणि बदल दिसला की लगेच डॉक्टरांना कळवावं. सौम्य नैराश्यात तर अनेकदा गोळीशिवाय, समुपदेशनानेच सुरुवात होते.

गैरसमज : ‘गोळी सुरू आहे, मग बोलत कशाला बसायचं?’
वस्तुस्थिती : अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी आणि बोलण्यातून होणारा मानसोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली. नुसत्या गोळीने ६१, नुसत्या मानसोपचाराने ४३, तर औषध नसलेल्या गोळीने ३५ टक्के. ३६ आठवड्यांपर्यंत उपचार घेणारे तिन्ही गट ८० टक्क्यांपुढे गेले. पण आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न नुसत्या गोळीवरच्या मुलांमध्ये जास्त आढळले. ‘मी नापासच होणार’ हा विचार पकडायचा कसा, तपासायचा कसा, विस्कटलेला दिवस पुन्हा लावायचा कसा, हे गोळी शिकवत नाही. पावसाने पिकाला जोर येतो, तण काढायला डवरणीच लागते.

गैरसमज : ‘जिवाचं काही विचारलं तर तेच डोक्यात भरेल.’
वस्तुस्थिती : ‘मरावंसं वाटतं का?’ असं शांतपणे विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, उलट मूल बोलतं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.