सहा महिने थांबलेला तपास

सोनगीरचं नाव खानदेशात निघतं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. किल्ल्याच्या पायथ्याशी ठोक्यांच्या आवाजात वाढलेल्या आम्हा पोरांना घरातून एक ताकीद कायम असायची: कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ओतायचं नाही, ते कळकतं. कल्हईवाला भाता चालवायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, धुराचा लोट उठायचा आणि कापसाच्या बोळ्याखाली कथील चांदीसारखं पसरायचं. विष द्यायला दर वेळी कुणी वैरी लागतोच असं नाही, हे आम्ही त्या पातेल्यापाशी शिकलो.

‘व्हाइटआउट’ हा 2009 सालचा चित्रपट पाहिला तेव्हा ते पातेलं आठवलं. डॉमिनिक सेना यांनी दिग्दर्शित केलेला हा खुनाचा रहस्यपट अंटार्क्टिकावरच्या अमेरिकी तळावर घडतो. ग्रेग रका आणि स्टीव्ह लीबर यांच्या चित्रकथेवर तो बेतलेला आहे. बर्फात एक प्रेत सापडतं. हिवाळ्यापूर्वीचं शेवटचं विमान सुटायला थोडेच दिवस उरलेले असतात आणि तेवढ्या वेळात केट बेकिन्सेलने रंगवलेल्या मार्शल कॅरी स्टेटकोला मारेकरी गाठायचा असतो. रहस्यकथेला बंद खोली लागते. ध्रुवावर सारा खंडच बंद खोली होतो. बाहेर पळायला वाट नाही आणि संशय घ्यायचा तो रोज एका ताटावर बसणाऱ्या माणसांवर.

खऱ्या दक्षिण ध्रुवावर असा एक गूढ मृत्यू 2000 साली घडला. रॉडनी मार्क्स हा 32 वर्षांचा ऑस्ट्रेलियन खगोलशास्त्रज्ञ अमुंडसेन-स्कॉट तळावर दुर्बिणीच्या कामासाठी हिवाळाभर राहिला होता. 11 मे रोजी वेधशाळेतून तळाकडे परतताना त्याला अस्वस्थ वाटू लागलं. पुढे पोटात कळा, उलट्या, धाप. डोळ्यांना उजेड सोसेना म्हणून त्याने काळा चष्मा लावला. तो पुन्हा पुन्हा डॉक्टरकडे गेला. रक्त तपासणारं यंत्र तळावर होतं, पण ते वापरात नव्हतं आणि पुन्हा जुळवून घ्यायला कित्येक तास लागले असते. 12 मे रोजी मार्क्स गेला.

तिथल्या हिवाळ्यात विमान सहसा उतरू शकत नाही. इंधनच गोठू लागतं. सहकाऱ्यांनी ओकच्या फळ्या जोडून स्वतःच्या हाताने शवपेटी केली. जवळजवळ सहा महिने मृतदेह तिथेच राहिला. उन्हाळ्याची विमानं सुरू झाल्यावर तो न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला नेला, आणि शवविच्छेदनात कारण कळलं: मिथेनॉल.

हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. जून 2015मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, ती याच द्रवाने. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं असतं. पोटात गेल्यावर काही तास फारसं कळतही नाही. मग यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, रक्त आंबट होतं आणि डोळ्यांची नस जळू लागते. वेळेत ओळखलं तर उतारा आहे. मार्क्सच्या बाबतीत ओळखायलाच उशीर झाला. ते त्याच्या पोटात कसं गेलं, याचं उत्तर 2008मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरचा निष्कर्ष आला तेव्हाही मिळालं नाही. त्याने ते जाणूनबुजून घेतलं नसावं, एवढंच त्यात आलं.

मग अशा ठिकाणी पोलीस कुणाचे? 1959च्या अंटार्क्टिक करारानुसार त्या भूमीवर कुणाचं राज्य हा वाद बाजूला ठेवलेला आहे. देवाणघेवाणीत गेलेले शास्त्रज्ञ आणि निरीक्षक आपापल्या देशाच्या कायद्याखाली येतात. उत्तर ध्रुवाकडे तर जमीनही नाही. 1970मध्ये टी-3 या तरंगत्या हिमबेटावर मनुक्यांच्या घरगुती दारूवरून भांडण पेटलं आणि एस्कामिया नावाच्या माणसाच्या रायफलीतून सुटलेल्या गोळीने एक अमेरिकी सहकारी मेला. हिमबेट म्हणजे जहाज की जमीन, इथपासून न्यायालयात खल झाला. एस्कामियाला झालेली शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली.

आपली माणसंही त्या थंडीत राहतात. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर 1981मध्ये गोव्याहून निघाली. 1983-84च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ हे आपले दोन तळ आहेत, त्यांचा कारभार गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. 2022च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने या तळांवरच्या गुन्ह्यांसाठी न्यायालयं नेमण्याची सोय केली.

कायदा हवाच. पण आपल्या मोहिमांवरचा एक मोठा घाला कुणा गुन्हेगाराने घातलेला नव्हता. 1990मध्ये हम्बोल्ट पर्वतरांगेतल्या छावणीत आपले चार जण कार्बन मोनॉक्साइडने दगावले. या वायूला रंग नाही, वास नाही. थंडीपासून वाचायला तंबू घट्ट बंद करावा, तर तो बंदपणाच जीव घेतो.

चित्रपटात मारेकरी सापडला की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. खऱ्या ध्रुवावर जीव वाचतो तो आधी घेतलेल्या काळजीने: यंत्र चालू आहे ना, बाटलीवर नाव आहे ना, तंबूत हवा खेळते ना. सोनगीरला आई ताक ओतण्याआधी पातेलं उजेडाकडे धरून आतून बघायची. कथील कुठे उडालंय, पितळ कुठे पिवळं डोकावतंय, हे बोटाने चाचपायची. शंका आली की पातेलं बाजूला पडायचं, कल्हईवाला येईपर्यंत. मार्क्सची हकिकत वाचताना मला तिचं ते बोट दिसतं.